विद्याहरण की मूकनायक? जुनं संगीत नाटक काढणाऱ्या मंडळांसाठी

सौभद्र, मानापमान सोडून काहीतरी विसरलेलं करायचं असं ठरलं की आपल्या जळगाव-भुसावळकडच्या हौशी मंडळांत फिरून फिरून ही दोन नावं येतात. आमच्याकडेही आली होती. गंमत म्हणजे दोन्ही नाटकं दारूच्या विरोधातली, दोन्ही एकच प्यालाच्या (1919) आधीची, पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त एकच प्यालातला दारुडा सुधाकर.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं मूकनायक (1901) वाचताना खरंच मजा येते. राजपुत्र विक्रांत मुका बनून सरोजिनीच्या गावात राहतो, त्यातले घोळ, वर कोल्हटकरी कोट्या, तरुण पोरांना तर हेच आवडलं. (कोल्हटकर वकिली करायचे ते जळगाव जामोदला हां, आपल्या जळगावात नाही, जाहिरातीत उगाच "आपले कोल्हटकर" लिहू नका.)

पण पदं! जुन्या पुस्तकात प्रत्येक पदावर "चाल" म्हणून कुठल्यातरी गाण्याची ओळ छापलेली असते, त्या काळी ते गाणं सगळ्यांना पाठ असणार, आज ती ओळ बघून पेटीवाला आपल्याकडे बघतो आणि आपण पेटीवाल्याकडे. कोल्हटकरांनी पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या चाली हौसेने घेतल्या, त्यामुळे आपल्या गवयांकडेही सगळ्या मिळतील असं नाही. "उगिच का कांता" तेवढं बरेच जण गातात, बाकीच्यांना आम्ही अंदाजाने चाली लावून पाहिल्या आणि सगळं भावगीतासारखं वाजायला लागलं, मग जुनं नाटक केलं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

खाडिलकरांच्या विद्याहरणचं (1913) तसं नाही. मधुकर वन वन, सुरसुखखनी ही पदं अजून मैफलीत गायली जातात, शिकवणारं कोणीतरी सापडतंच. त्यातल्या देवयानीचं, म्हणजे शुक्राचार्यांच्या मुलीचं, काम बालगंधर्वांनी केलेलं, आणि ते लहानपणी जळगावात गाणं शिकलेले, त्यामुळे हॉलवाल्यापासून वर्गणी देणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हे आपलंच वाटतं. शुक्राचार्यांचा शिष्य कच, त्याची राख दारूतून शुक्राचार्यांच्या पोटात जाते तिथे थिएटर एकदम गप्प होतं, आणि शिष्यवर या विनोदी पात्राला नट चांगला मिळाला तर हशाही कमी पडत नाही.

त्रास आहेच. खाडिलकरांची वाक्यं लांबलचक, अख्खं केलं तर शेवटची बस गेलीच समजा. देवयानीला खरी गाणारी लागते, नुसती दिसायला छान असून भागत नाही. तुमच्याकडे गाणारी मुलगी नसेल आणि विनोदी नट दोन-तीन असतील तर मूकनायक जमूनही जाईल, मी नाही म्हणत नाही, फक्त तारीख घ्यायच्या आधी चाली हाताशी आहेत का बघा.

विद्याहरण घेतलंत तर कात्री संवादांवर चालवा, पदांवर नको. आणि भरीत पार्टीच्या सीझनमधला रविवार टाळा, निम्मं पब्लिक मळ्यात असतं.