दरवर्षी परत येणारे ट्युलिप: डार्विन हायब्रिड घ्यायचे की छोटे रानटी?

पॅकेटवर ‘पेरेनियल’ छापलंय म्हणून ट्युलिप दरवर्षी येईल असं काही नसतं, हे आधीच सांगून टाकते. सप्टेंबर लागला की मोठ्या दुकानांत जाळीच्या पिशव्या लटकायला लागतात, पन्नास कंद, मिक्स कलर, वर झकास फोटो, आणि पहिल्या एप्रिलमध्ये फुलं अगदी फोटोसारखी येतातही, पण दुसऱ्या वर्षी निम्मीच आणि तिसऱ्या वर्षी नुसती एकेक रुंद पानं. मग माणूस मातीला दोष देतो, खारींना देतो, खत बदलून बघतो. बहुतेक वेळा मुळात जातच चुकीची घेतलेली असते.

मी न्यू जर्सीचं धरून लिहितेय, म्हणजे झोन 6-7 (हिवाळ्यातल्या थंडीवरून पाडलेले अमेरिकेतले बागकामाचे पट्टे), थंडी भरपूर, पण उन्हाळा दमट आणि जुलै-ऑगस्टमध्ये धो धो पावसाच्या सरी. पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकटवाल्यांना जवळजवळ सगळं तसंच लागू पडेल. फ्लोरिडावाल्यांनी हा नाद सोडलेला बरा.

आता ट्युलिप परत का येत नाही ते बघू, कारण ते कळलं की निवड आपोआप सोपी होते. डॅफोडिलचा कंद वर्षानुवर्षं तोच राहतो आणि वाढत जातो, ट्युलिपचं तसं नाही. आपण लावलेला कंद त्या एका सीझनमध्ये फुलतो आणि संपतो, त्याच्या जागी पिल्लं तयार होतात. पानं पूर्ण वाळल्यावर जूनमध्ये एखादा खणून बघा, मूळ कंदाचं नुसतं तपकिरी टरफल उरलेलं असतं, त्याला फुलाचा वाळका देठ चिकटलेला, आणि आत लसणाच्या पाकळ्यांसारखे एकाला एक चिकटलेले नवे कंद. त्यातला एक जरी दणदणीत मोठा असेल तर पुढच्या वर्षी फूल येणार. सगळेच बारके निघाले तर फक्त पानं. ‘दरवर्षी येणारी’ जात म्हणजे जिची शक्ती दहा बारक्या पिल्लांत वाटली न जाता एका मोठ्या कंदात जाते ती, किंवा मग जिचा कंद मुळातच छोटा असून फुलतो ती.

आणि दुसरं, ट्युलिपचं माहेर म्हणजे मध्य आशिया, तिएन शान आणि पामीरच्या डोंगरउतारांवर, जिथे हिवाळ्यात बर्फ, वसंतात वितळलेलं पाणी आणि उन्हाळाभर माती कोरडी ठणठणीत भाजून निघते. आपल्याकडे थंडीचं जमून जातं, घोटाळा होतो तो उन्हाळ्याचा. वर आपण लॉनसाठी दिवसाआड स्प्रिंकलर लावून ठेवतो, म्हणजे बिचारा कंद झोपलाय आणि त्याच्या अंगावर पाणी.

तर परत येण्याच्या शर्यतीत खरे गडी दोनच, डार्विन हायब्रिड आणि स्पीशीज ऊर्फ बोटॅनिकल ट्युलिप.

डार्विन हायब्रिड म्हणजे आपल्या डोळ्यासमोर ट्युलिप म्हटलं की जे येतं तेच. दीड-दोन फूट उंच, जाडजूड देठ, मोठ्ठा पेला, लाल-पिवळा-केशरी-गुलाबी. डी. डब्ल्यू. लेफेबर नावाच्या डच माणसाने 1940च्या दशकात बागेतल्या डार्विन ट्युलिपचा समरकंदकडच्या डोंगरातल्या फोस्टेरियाना या रानटी ट्युलिपशी संकर केला, त्यातून ही जात आली, आणि तो डोंगरातला अंश आहे म्हणूनच ही बाकीच्यांपेक्षा चिवट. ‘अपेल्डूर्न’ हा लाल तर 1951 पासून चालत आलाय, त्याचाच पिवळा भाऊ ‘गोल्डन अपेल्डूर्न’. गुलाबी हवा तर ‘पिंक इम्प्रेशन’, पिवळा हवा तर ‘गोल्डन परेड’. मला विचाराल तर पहिल्यांदा लावणाऱ्याने ‘पिंक इम्प्रेशन’ किंवा लाल अपेल्डूर्न, दोन्हीपैकी एक घ्यावा आणि मिक्स पिशवीच्या वाटेला जाऊ नये, कारण मिक्समध्ये कुठली जात किती आणि कुठली टिकली हे पुढच्या वर्षी कळायला काही मार्गच नसतो.

किती टिकतात? जागा चांगली असेल तर तीन ते पाच वर्षं भरगच्च, काही ठिकाणी त्याहून जास्त, पण फुलाचा आकार हळूहळू कमी होत जातो हे धरूनच चाला. कायमचे नाहीत ते.

स्पीशीज म्हणजे जे डोंगरात जसे उगवतात तसेच, किंवा त्यांच्यापासून फार लांब न गेलेले. इथे आधी मनाची तयारी लागते, कारण हे छोटे असतात. टार्डा जेमतेम 4-6 इंच, पण एका देठावर चार-पाच पिवळ्या चांदण्या, टोकं पांढरी. क्लुसियाना त्यातल्या त्यात उंच, नऊ-दहा इंचापासून फुटापर्यंत, आणि दिसायला सगळ्यात देखणी. तिच्यातलीच ‘लेडी जेन’ मिटलेली असते तेव्हा बाहेरून गुलाबी-लाल पट्टे, आणि ऊन आलं की उघडून आत पांढरीशुभ्र, म्हणजे सकाळी ऑफिसला निघताना एक फूल आणि दुपारी दुसरंच. ढगाळ दिवशी मात्र ही उघडतच नाहीत, पाहुण्यांना दाखवायला नेलं आणि आभाळ आलं की सगळी मिटून बसलेली. ‘लायलॅक वंडर’ जांभळट गुलाबी, मध्ये पिवळा डोळा. तुर्केस्तानिका पांढरी, बारकी, एका देठावर बरीच फुलं आणि सगळ्यांच्या आधी. लालभडक हवी असेल तर प्रेस्टान्सची ‘फ्युझिलिअर’, ही एका देठावर दोन-चार फुलं देते आणि उंचीलाही बरी.

हे छोटे लोक एकदा जागेवर रुळले की कमी होत नाहीत, वाढतात. काही जमिनीखालून धुमारे पाठवून पसरतात, टार्डासारख्या बी टाकून. बियांपासून फूल यायला चार-पाच वर्षं किंवा जास्तच लागतात, पण ते तुम्हाला काही करावं लागत नाही, आपलं आपण चालू असतं. म्हणून स्पीशीजची फुलं सुकली तरी बोंडं तोडायची नाहीत, पसरायला हवेत तर. डार्विन हायब्रिडचं बरोब्बर उलटं, पाकळ्या गळायला लागल्या की बोंड लगेच खुडायचं, देठ आणि पानं ठेवायची, नाहीतर शक्ती बी धरण्यात जाते आणि खालचा कंद उपाशी.

समोरासमोर ठेवून बघितलं तर रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावं, घरासमोर रंगाचा पट्टा हवा, तर स्पीशीजकडून ती अपेक्षा ठेवू नका, पंचवीस टार्डा फुटपाथवरून दिसतसुद्धा नाहीत. त्या दगडांच्या कडेला, पायऱ्यांशी, ड्राइव्हवेच्या काठाला, जिथे माणूस खाली वाकून बघतो तिथे शोभतात. डार्विन हायब्रिड दुरून दिसतात, कापून फ्लॉवरपॉटमध्येही छान राहतात (फक्त देठासोबत पानं कापली तर त्या कंदाचं पुढच्या वर्षीचं विसरा). वाऱ्या-पावसाला स्पीशीज जास्त टिकतात, ठेंगणे असल्याने आडवे होत नाहीत. एप्रिलअखेरच्या एका वादळी पावसाने डार्विनच्या पाकळ्या दुपारीच खाली आलेल्या असतात.

पानांचा मुद्दा बायकोशी किंवा नवऱ्याशी भांडण लावणारा आहे. फूल गेल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत पाच-सहा आठवडे तशीच ठेवावी लागतात, पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांवरच भरतो. डार्विनची पानं मोठी, मे महिनाभर वाफ्यात लोळत पडलेली असतात आणि बघवत नाहीत. नेमके त्याच वेळी आई-बाबा पुण्याहून आलेले असतात आणि सकाळी चहा झाला की सवयीने बाग आवरायला घेतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. पानांच्या वेण्या घालणं, रबरबँड लावणं हेही नको. डे लिली किंवा होस्टा पुढे लावली तर तिची पानं वर आली की ट्युलिपची झाकली जातात, फक्त त्या झाडांना उन्हाळ्यात रोज पाणी घालत बसू नका. स्पीशीजची पानं बारीक, गवतासारखी, कधी वाळली कळतही नाही. या एका बाबतीत स्पीशीज सरळ जिंकतात.

हरणं आणि खारी दोघांनाही सोडत नाहीत. हरीण तर कळीच खातं, तुम्ही उद्या उमलेल म्हणून वाट बघताय आणि सकाळी नुसते देठ उभे. घराच्या मागे जंगल असेल आणि कुंपण नसेल तर दर दहा-पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक पावसानंतर स्प्रे मारायची तयारी ठेवा, नाहीतर सरळ डॅफोडिल लावा. डॅफोडिलचा कंद विषारी असतो, कोणी तोंड लावत नाही, आणि ते खरोखर वर्षानुवर्षं येतात. हरणांच्या भागात मी ट्युलिपची वकिली करणार नाही.

आता लावणी. ऑर्डर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करून टाका कारण स्पीशीज दुकानात फारसे मिळत नाहीत, ऑनलाइन कॅटलॉगमधूनच घ्यावे लागतात आणि चांगल्या जाती लवकर संपतात. डार्विन हायब्रिड घेताना कंदाचा घेर बघायचा, 12 सेंटीमीटर आणि वर, ‘12/+’ असं लिहिलेलं असतं. स्वस्त पिशवीत बऱ्याचदा 10/11 असतात, तेवढ्यात पहिल्याच वर्षी फरक दिसतो. स्पीशीजचा कंद मात्र 5-6 सेंटीमीटरचाच असतो, लहान आला म्हणून कंपनीला ईमेल करू नका. हातात घेतल्यावर कडक आणि जड लागला पाहिजे. टरफल सुटलं असेल तर काही बिघडत नाही, वर थोडी निळसर बुरशी असेल तर पुसून लावा, पण दाबल्यावर मऊ लागला तर कचऱ्यात, कंपोस्टमध्येसुद्धा नको.

लावायची वेळ म्हणजे साधारण दिवाळीचा फराळ संपत आला की. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, जमीन गार झाली पाहिजे पण गोठलेली नको. लवकर लावून काही फायदा नाही, उलट माती गरम असताना बुरशीचे रोग लागायची शक्यता जास्त. कळी कंदात आधीच तयार असते, पण तीन-चार महिने थंडी मिळाली तरच ती देठासकट नीट वर येते, ते काम आपला हिवाळा करतो.

खोली हीच डार्विन हायब्रिडची किल्ली. लोक चार इंचावर लावतात, कारण ड्रिलला लावायचं ते ऑगर (खड्डा पाडायचं पातं) तेवढंच सहज जातं. कंदाचा तळ 8 इंच खाली जाऊ द्या, खोलवर तापमान स्थिर राहतं, खारींना उकरायला जड जातं आणि कंद पटापट बारक्यांत फुटत नाही. स्पीशीजला 4-5 इंच पुरे. दोन कंदांत डार्विनला 5-6 इंच, छोट्यांना 3. टोक वर ठेवायचं, आणि एक गंमत म्हणजे मोठ्या कंदाची एक बाजू चपटी असते, पहिलं मोठं पान त्या बाजूला येतं, त्यामुळे सगळ्यांच्या चपट्या बाजू एकाच दिशेला केल्या तर पानं शिस्तीत दिसतात. पन्नास कंदांपर्यंत करतं माणूस, पुढे कंटाळा येतो.

सेंट्रल जर्सीची ती लाल चिकणमाती असेल तर 8 इंचाचा हट्ट धरू नका, खाली पाणी साचून कंद कुजतो. तिथे 6 इंच, किंवा मग वाफाच सहा-आठ इंच उंच करून घ्या. स्पीशीजसाठी तर मातीत बारीक खडी मिसळा, त्यांना खतापेक्षा निचरा जास्त लाडका. ऊन दोघांनाही रोज सहा तास तरी. वरून चिकन वायर अंथरून थोडी माती टाका, कोंब जाळीतून वर येतात. बोनमील (हाडांचा चुरा) घालू नका, त्या वासाने कुत्री आणि स्कंक येऊन उकरतात. बल्ब फूड मिळतं ते लावताना आणि मार्चमध्ये कोंब दिसले की थोडं, बास.

बाकीच्या जातींचं थोडक्यात. फोस्टेरियाना, म्हणजे ‘प्युरिसिमा’ (पांढरा) आणि ‘ऑरेंज एम्परर’, हे दोघांच्या मधले, उंची सव्वा फुटाच्या आसपास आणि परत येण्यात चांगले. पांढराच हवा असेल तर मी डोळे मिटून प्युरिसिमा घेईन. कौफमानियाना आणि ग्रेगी ठेंगणे, लवकर येणारे, कौफमानियाना बऱ्याच वर्षी पाडव्याच्या सुमाराला फुलतात. ग्रेगीच्या पानांवर जांभळट पट्टे असतात, त्यामुळे फूल नसतानाही बरे दिसतात. ‘स्प्रिंग ग्रीन’ आणि लिली-फ्लॉवर्डमधला ‘बॅलेरिना’ दोन-तीन वर्षं येतात असं धरा. ट्रायम्फचं काही सांगता येत नाही. पॅरट, डबल, झालरवाले हे एका वर्षाचे पाहुणे, हौस असेल तर जरूर घ्या, पण पुढच्या वर्षीची आशा न ठेवता. नेदरलँड्समधल्या कोकेनहॉफमध्ये सुद्धा दर हिवाळ्याआधी सुमारे 70 लाख कंद नव्याने लावतात, तेव्हा तिथले फोटो बघून आपल्या दोन वर्षांच्या वाफ्याशी तुलना करून उदास व्हायचं काही कारण नाही.

घर भाड्याचं असेल, दोन-तीन वर्षांत हलायचं असेल, तर डार्विन हायब्रिड घ्या आणि मजा करा, स्पीशीज फोफावायला लागतील तोवर तुम्ही दुसरीकडे. स्वतःचं घर आहे, दक्षिणेकडे उतार किंवा दगडी कठडा आहे, आणि तिथे स्प्रिंकलर पोचत नाही, तर ती जागा स्पीशीजसाठीच बनलीये, तिथे क्लुसियाना आणि टार्डा लावा. बजेट एकाचंच असेल आणि जागा दोन्ही असतील तर मी स्पीशीज घेईन, समोरच्या पट्ट्यासाठी पुढच्या वर्षी बघता येतं. स्प्रिंकलर बंद करणं शक्यच नाही, एचओएचं (घरमालकांच्या सोसायटीचं) लॉन आहे, अशांना पर्याय असा की पानं वाळल्यावर डार्विनचे कंद काढून, माती झटकून, गॅरेजमध्ये हवेशीर जाळीत टांगून ठेवायचे आणि नोव्हेंबरमध्ये त्यातले मोठे तेवढे परत लावायचे. कष्ट आहेत, पण चालतं.

डेकवरच्या कुंडीत मात्र काहीही लावा, ते परत येत नाहीत असंच धरा. आणि जूनमध्ये पुण्याला जाताना उरलेले कंद बॅगेत घालून नेऊ नका. भारतात कंद न्यायला परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कंदाला रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, ते केलंत तरी फ्रिजमध्ये तीन-चार महिने ठेवून (शेजारी सफरचंद नको, त्याच्या वायूने आतली कळी मरते) जेमतेम एकदा फूल दिसेल, नंतर नाही. तिकडे दरवर्षी परत येणारं काही हवं असेल तर निशिगंध लावायला सांगा.