नॉर्वेतील स्वस्त किराणा दुकाने: फोंड्याच्या चौघांचे दहा दिवसांचे जेवण

गेल्या जूनमध्ये आम्ही फोंड्याहून चौघे जण दहा दिवसांसाठी नॉर्वेला गेलो, आणि ओस्लोतील पहिल्याच संध्याकाळी एका उपाहारगृहाच्या दारात लावलेले दर वाचत, क्रोनमधील प्रत्येक आकड्याला रुपये काढण्यासाठी मनातल्या मनात साडेआठाने गुणत, आत न शिरताच परतलो. त्यानंतर रेमा 1000, किवी आणि कूप एक्स्ट्रा या किराणा दुकानांनीच आमचे पोट सांभाळले. फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, पाहायला निघालेल्या गोमंतकीयांनी खोली ठरवताना खिडकीतील देखाव्याआधी स्वयंपाकघर आहे की नाही ते पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाहारगृह आणि दुकान यांच्या दरांतील फरकाला करांचाही हातभार लागतो. तेथे खाद्यपदार्थांवर 15 टक्के कर असतो, तर उपाहारगृहात बसून जेवल्यास तो 25 टक्के होतो. स्थानिक लोकही दुपारी घरून आणलेली पावाची शिदोरी उघडतात. तिला ते ‘मातपाके’ म्हणतात आणि ती चारचौघांत खाण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

मासळीच्या बाबतीत ही दुकाने आमच्या कसोटीला उतरली. सॅमनच्या मोहात न पडता आम्ही ‘सेई’ या पांढऱ्या माशाचे गोठवलेले, बरेच स्वस्त तुकडे घेतले, तेथेच मिळालेल्या डब्यातील नारळाचे दूध घातले आणि घरून नेलेली सोलां (कोकम) व तिरफळे टाकून हुमण, म्हणजे माशांची कढी, केले. खोबरे वाटून केलेल्या हुमणाची सर त्याला नव्हती, तरी चौघांनीही भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. टोमॅटोच्या रसातील मॅकरेलचा चपटा डबा तर प्रवासात फारच सोयीचा. हा मासा आपल्या बांगड्याचाच थंड पाण्यातील भाऊबंद. ‘ब्रुनोस्त’ हे तपकिरी चीज मात्र जपून घ्यावे. चीज करताना उरलेले पाणी आटवून ते बनवतात आणि त्याची चव किंचित करपलेल्या पेढ्यासारखी लागते; माझ्या मुलीला ते आवडले, मला नाही.

घरून सुके मसाले न्यावेत. ‘चोरीस’ हे गोव्याचे मांसाचे सॉसेज आणि खव्याची मिठाई मात्र नेऊ नये, कारण भारतातून मांसाचे व दुधाचे पदार्थ नेण्यास तेथे बंदी आहे. पिण्याचे पाणी विकत घेणे हा निव्वळ अपव्यय होय, कारण नळाचे पाणी उत्तम असते.

उणीव म्हणावी तर वेळेची. रविवारी बहुतेक मोठी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरावे. दुकानांतील बिअरची विक्री सोमवार ते शुक्रवार रात्री 8 वाजता आणि शनिवारी सायंकाळी 6 वाजता थांबते, आणि 4.7 टक्क्यांहून अधिक मद्यार्काचे पेय घरी न्यायचे तर ते केवळ सरकारी ‘विनमोनोपोले’ दुकानातच मिळते. गोव्याच्या माणसाला हे पचायला जड जाते. माझ्या मेहुण्यांनी 8 वाजून 5 मिनिटांनी गल्ल्यापर्यंत नेलेले दोन डबे निमूटपणे परत ठेवले.

रिकाम्या बाटल्या व डबे मात्र टाकू नयेत. प्रत्येकामागे घेतलेली 2 किंवा 3 क्रोनची अनामत दुकानातील यंत्र परत करते. निघण्याच्या दिवशी आम्ही पिशवीभर बाटल्या त्या यंत्रात एकेक करून सरकवल्या, आणि हाती आलेल्या चिठ्ठीवर विमानतळाच्या वाटेवर खायला केळी घेतली.