‘ब्ल्यू लाईनच्या बाहेर हाय’ : नकाशा, गाळा आणि पुराचा विमा

कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूला गाळा, गोडाऊन किंवा तळमजल्याचा फ्लॅट घ्यायला निघाला असाल आणि दलालानं नकाशा उलगडून ‘हे बघा, ब्ल्यू लाईनच्या बाहेर’ असं सांगितलं असेल, तर इसार द्यायच्या आधी एवढं वाचा. आमचे पैसे याच वाक्यावर गेले. आणि वाक्य खोटं नव्हतं, ही त्यातली खरी गंमत.

२०१७ साली धाकट्या भावाच्या प्लायवूडच्या दुकानासाठी शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरच्या अलीकडे, आम्ही गाळा घेतला. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे. कोल्हापुरात पाणी कुठून चढतं आणि कुठं थांबतं हे इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि दलालानं ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. त्यानं नकाशाची रंगीत झेरॉक्स समोर ठेवली. नदी, तिच्या कडेनं निळी रेघ आणि रेघेपासून बऱ्यापैकी लांब, पेनानं गोल केलेला आमचा गाळा. “२००५ लाबी हितं पाणी न्हवतं. बिनघोर घ्या.” झेरॉक्स चौकोनी, नीट कापलेली होती. तांबडी रेघ त्या कापलेल्या तुकड्यात गेली होती, हे आम्हाला २०१९ नंतर मूळ नकाशा बघितल्यावर समजलं.

निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे खातं ठरवतं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित क्षेत्रात अटी घालून बांधकामाला परवानगी मिळते, म्हणून तिथं इमारती उभ्या असतात, नोंदणी होते, बँक कर्जही देते. आमचा गाळा नेमका या दोन रेषांच्या मध्ये. म्हणजे ‘ब्ल्यू लाईनच्या बाहेर’ शंभर टक्के, आणि पुराच्या पट्ट्यातही शंभर टक्के.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोगही दलालांच्या फार कामाचा. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा येऊन गेला की आता चोवीस वर्षं निवांत. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी तशा पुराची शक्यता शंभरात चार. पंचवीस वर्षं तिथं दुकान चालवलंत तर एकदा तरी तो पूर बघण्याची शक्यता शंभरात चौसष्टच्या आसपास जाते. लाल रेषेचा पूर वर्षाला शंभरात एक, तरी तीस वर्षांत सव्वीस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये त्याच्याही वर, ५६ फुटांपलीकडे. दोन वर्षांत दोनदा. नदीनं कॅलेंडर बघितलं नाही.

शिवाय पाणी नदीकडूनच चालत येईल असं नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, ते उलटं शहरात शिरतं. कुंभार गल्लीतल्या लोकांना हे कुणी नकाशावर दाखवावं लागत नाही. नदी चढायला लागली की ते आधी गणपतीच्या मूर्ती हलवतात. पुरानंतर तिथल्या एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, “पाच सालीच तुमच्या हितं गुडघाभर व्हतं की.” गाळा घेण्याआधी दलालानं आम्हाला त्या गल्लीत पाय ठेवू दिला नव्हता. प्रत्येक वेळी तो आम्हाला दुसऱ्या बाजूनं न्यायचा, पार्किंग मिळत नाही म्हणून.

आता विमा. एजंट दलालानंच आणला. बँकेच्या कर्जासाठी मालाचा विमा लागणारच होता. “आग, चोरी, पूर, सगळं येतंय” म्हणाला आणि तसं स्वतःच्या लेटरहेडवर मराठीत टाईप करून दिलं. वर्षाला अकरा हजार पाचशे रोख घ्यायचा. कंपनीची मूळ पॉलिसी थेट बँकेत जायची. आमच्या हातात त्याचा कागद.

त्या काळी दुकानांना जी ‘स्टँडर्ड फायर’ पॉलिसी मिळायची तिच्यात पुराचं संरक्षण मुळात असायचं, पण ते वगळून हप्ता कमी करून घेता यायचा. वादळ, पूर, जलमय होणं या गटाला विमावाले ‘एसटीएफआय’ म्हणतात. आमच्या शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, एका ओळीत लिहिलं होतं : एसटीएफआय वगळले. कंपनीला पोचलेला हप्ता सहा हजार आठशे. उरलेले एजंटच्या खिशात. प्रस्तावाच्या फॉर्मवर ‘पूर्वी पाणी शिरले आहे का’ यापुढे ‘नाही’, हेही त्याच्याच अक्षरात.

२०१९ चं पाणी उतरलं तेव्हा प्लायवूडच्या थप्प्या फुगून एकमेकांना चिकटल्या होत्या. अकरा लाखांचा माल भंगारवाल्यानं सुद्धा नाक मुरडून नेला. सर्व्हेअर आला, फोटो काढले, स्टॉक रजिस्टर बघितलं. त्यानंतर एजंट दर आठवड्याला ‘क्लेम प्रोसेसमध्ये हाय’ सांगत राहिला. नकाराचं पत्र केव्हाच बँकेत येऊन पडलं होतं आणि ते त्याला माहीत होतं. मग लॉकडाऊन लागलं. विमा लोकपालाकडं जायची एक वर्षाची मुदत त्यानं अशी गोड बोलत खाल्ली. माझ्या मते त्याच्या सगळ्या लबाडीत ही सर्वांत पक्की होती, कारण तोवर आम्ही त्याला चहा पाजत होतो.

वकिलांनी स्पष्ट सांगितलं, कंपनीविरुद्धची बाजू लंगडी आहे. वगळलेलं छापलंय आणि त्याप्रमाणे हप्ता कमी घेतलाय. एजंटला मात्र त्याचं लेटरहेड नडलं. पोलिसांत अर्ज दिल्यावर त्यानं हप्त्यातला फरक परत केला. अकरा लाख गेले ते गेले.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि पाच कोटींपर्यंतच्या जोखमीच्या दुकान-कारखान्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशा ठरीव पॉलिसी आल्या. दोन्हीत पूर धरलेला आहे. म्हणून एजंट आता दुसरीकडं हात मारतात. दुकानात वीस लाखांचा माल असताना हप्ता कमी दिसावा म्हणून दहा लाखांचाच विमा उतरवतात. मग आठ लाखांचं नुकसान झालं तर, विमा निम्म्याच मालाचा म्हणून, कंपनी निम्मंच, चार लाख देते. सूक्ष्म उद्यममध्ये पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्याच्या पुढं ही कात्री लागतेच. दुसरी युक्ती पत्त्याची. माल शाहूपुरीतल्या गोडाऊनमध्ये आणि पॉलिसीवर पत्ता उंचावरच्या घराचा. इमारतीचा विमा म्हणजे मालाचा नव्हे, हेही बघून घ्या.

पॉलिसीचं शेड्यूल बँकेतून मागून घ्या. ते तुमच्या नावाचं आहे, ‘आमच्याकडं सेफ आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. हप्ता कंपनीच्या नावानं चेकनं किंवा ऑनलाईन भरा. जागेसाठी महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा आणि त्यावर दोन्ही रेषा शोधा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाता येतं. तिथं पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि फी नाही. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत असते. विमा नियामकाचा तक्रारीचा फोन १५५२५५.

गाळा अजून आमच्याकडंच आहे. २०२१ ला बंधाऱ्यावर चाळीस फूट झाल्याबरोबर भावानं माल टेम्पोत भरून उजळाईवाडीला हलवला. विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक येतं, पण आम्ही पूर्ण नकाशा दाखवतो आणि ते परत फिरकत नाही. तो दलाल म्हणतो, “माझ्याकडं द्या, महिन्यात घालवतो.”