दमट हवेतला जुना दस्ता आणि शुद्ध टंग तेल

जुन्या रायफलच्या लाकडी दस्त्यासाठी तेल घ्यायला गेलं की तीन बाटल्या समोर येतात: जवसाचं तेल, टंग झाडाच्या बियांपासून काढलेलं शुद्ध टंग तेल आणि ‘टंग ऑइल फिनिश’ असं छापलेलं काहीतरी. तिसरी आधी बाजूला ठेवा. तिच्यात बऱ्याचदा पातळ केलेलं व्हार्निश असतं, टंग तेल नावापुरतं. खात्री करायची तर काचेवर एक जाडसर थेंब टाकून ठेवा. दोन-तीन दिवसांत कडक, गुळगुळीत, चकचकीत पापुद्रा धरला तर ते व्हार्निश. शुद्ध तेल तोवर मऊच असतं.

जवसाच्या तेलाचा मान मोठा आहे. ली-एनफील्डसारख्या लष्करी रायफलींचे दस्ते कच्च्या जवसाच्या तेलात मुरवले जात, त्यामुळे अस्सलपणा जपायचा असेल तर तेच लावावं लागतं. पण दमट हवेत ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, वर बुरशीला खाऊ मिळतो. दस्त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात ते याचे. उकळलेलं तेल, म्हणजे रंगाऱ्यांचं बेलतेल, धातूंच्या क्षारांमुळे लवकर सुकतं, मात्र पाण्यापुढे तेही कमजोरच. टंग तेलाचा थर जास्त घट्ट होतो, पाणी बरं सोसतो आणि जवसाइतका काळवंडत नाही. दमट हवेसाठी आमची पसंती त्यालाच, एका अटीवर: घाई नसावी.

हवेतली वाफ मात्र कुठलंच तेल अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात साधारण 9 टक्के पाणी असतं, 80 टक्क्यांना ते 16च्या आसपास जातं. लाकूड फुगतं ते रेषेच्या (तंतूंच्या) आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे नळीखालचा पुढचा दस्ता पिळला जातो, नळीला एका बाजूने रेटतो आणि नेम सरकतो. म्हणून बाहेरच्या चकाकीपेक्षा न दिसणाऱ्या जागांना तेल जास्त लागतं: नळीची खाच, मॅगझिनची (गोळ्यांच्या पेटीची) पोकळी, स्क्रूची भोकं, बट प्लेटखालचा, म्हणजे खांद्याकडच्या टोकाच्या पत्र्याखालचा काप. रेषा जिथे कापल्या गेल्यात तिथून लाकूड नळकांड्यासारखं पाणी ओढतं.

तेलाआधी सफाई. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहून दस्ता उतरवा. अडकून बसला असेल तर जोर न लावता बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. पॉलिश पेपरला हात लावू नका. त्याने तपासनिसांचे शिक्के जातात, कडा गोल होतात आणि लाकूड धातूपेक्षा खाली बसतं. ॲक्शनच्या, म्हणजे गोळी भरण्या-झाडण्याच्या यंत्रणेच्या मागचा भाग बहुधा काळा आणि तेलकट असतो, कारण वर्षानुवर्षं बंदुकीचं तेल तिथे उतरलेलं असतं. तेलाने मऊ झालेलं लाकूड धक्का सोसत नाही, तडकतं. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिथे जाड लेप द्या, सुकला की ब्रशने झाडा. पूड पिवळी-तपकिरी येत असेपर्यंत पुन्हा द्या. हे उघड्या हवेत, विस्तवापासून लांब. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने काम झटपट होतं, पण अक्रोडाचं लाकूड काळं पडतं आणि रेषा कुजकट होतात.

दबलेल्या जागेवर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री पाच-सहा सेकंद टेकवा, उचला, पाहा. दबलेले रेषे वर येतात, कापलेले येत नाहीत. शिक्क्याजवळ वाफ नको. शिक्का म्हणजेही दबलेलं लाकूडच, तोही वर येऊन पुसट होतो. भेगा तेलाआधीच इपॉक्सीने बुजवा, नंतर काहीच चिकटत नाही. ईशापूरच्या रायफल कारखान्यातल्या ली-एनफील्डच्या पुढच्या दस्त्यात आडवा स्क्रू दिसतो ना, तो याच फाटण्यावरचा इलाज.

आता तेल. पहिले दोन हात टर्पेंटाइनमध्ये निम्मेनिम्म पातळ करून, आधी आतून. रेषेच्या कापांवर पिणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. 30-40 मिनिटांनी वरचं सगळं तेल पुसून काढा, अगदी कोरडं. तिसऱ्या हातापासून निव्वळ तेल, थोडे थेंब तळव्याने ऊब येईपर्यंत चोळायचे. एकूण पाच-सहा हात पुरतात. कोरड्या हवेत दोन हातांमध्ये एक दिवस चालतो. दमट हवेत तीन दिवस द्या. नंतर पूर्ण कडक व्हायला महिनाभर जातो.

जाड हात दिला की पांढरट, तुषार पडल्यासारखे डाग उमटतात आणि पृष्ठभाग चिकट राहतो. टर्पेंटाइन आणि 0000 नंबरच्या स्टीलवूलने तो थर काढून पुन्हा सुरुवात करावी लागते. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. उघडी पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवा. कवचफळांची ॲलर्जी असणाऱ्यांनी या तेलापासून जपावं.

वर मेण हवंच. मधमाश्यांचं मेण 62-64 अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ होतं. तापलेल्या नळीवरचं लाकूड हाताला चिकटतं ते त्यामुळे. मायक्रोक्रिस्टलाइन मेण, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं बारीक कणांचं मेण, इथे सरस. ब्रिटिश म्युझियममध्ये 1950च्या दशकात तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स याच जातीचं. ते धातूलाही चालतं, म्हणून दस्ता जोडण्याआधी नळीच्या खालच्या बाजूला पातळ हात द्या. लाकडाआड तिथे चढलेला गंज पुन्हा उघडेपर्यंत दिसत नाही.

ठेवताना फोमची किंवा चामड्याची पिशवी नको, दोन्ही ओल धरून ठेवतात. बंद कपाट, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की 110-120 अंशांवर दोन-तीन तास तापवा. काटा 45 ते 55 टक्क्यांमध्ये राहू द्या, कारण 30च्या खाली गेला की नुकत्याच बुजवलेल्या भेगा उघडतात.