व्हॅलेटात एकच दिवस असेल तर काय बघावं, काय सोडावं

माल्टाची राजधानी व्हॅलेटा एवढीशी आहे की अंतराचा प्रश्नच येत नाही. सिटी गेटमधून आत शिरून रिपब्लिक स्ट्रीटने नाकासमोर चालत राहिलात की वीसेक मिनिटांत दुसऱ्या टोकाला, फोर्ट सेंट एल्मोच्या दारात. लांबी साधारण एक किलोमीटर, रुंदी त्याहून कमी आणि दोन्ही अंगांना खोल बंदरं. अडचण वेगळीच आहे. एवढ्याशा जागेत तिकीट लावलेली ठिकाणं इतकी दाटीवाटीने आहेत की 'सगळं जवळच आहे, सगळंच उरकू' म्हणणाऱ्याच्या डोक्यात दुपारी तीनपर्यंत चिलखतं, तोफा आणि संगमरवर यांची खिचडी झालेली असते. इथे पायांआधी डोकं थकतं.

म्हणून निवड करताना नकाशा बाजूला ठेवा. एकाच प्रकारची हौस भागवणारी दोन ठिकाणं समोरासमोर धरा आणि त्यातलं एक सोडून द्या.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय इथलं काहीच कळत नाही. १५६५ साली ऑटोमन सैन्याने माल्टाला वेढा घातला. बेटावर राज्य होतं सेंट जॉनच्या नाइट्सचं, म्हणजे युरोपभरच्या उमराव घराण्यांतल्या व्रतस्थ लढवय्यांचं. वेढा उठला, पण पुन्हा पडणार ही धास्ती होतीच. म्हणून नाइट्सच्या प्रमुखाने, ग्रँडमास्टर ज्याँ द ला व्हॅलेटने, १५६६ मध्ये उघड्या डोंगरसोंडेवर नव्या तटबंद शहराचा पाया घातला. आखणी इटालियन लष्करी अभियंता फ्रान्चेस्को लापारेल्लीची आणि पुढचं बरंचसं बांधकाम माल्टीज जेरोलामो कासारचं. रस्ते काटकोनात आणि सरळसोट आहेत, पण जमीन डोंगराची, त्यामुळे आडव्या गल्ल्या कित्येक ठिकाणी चक्क जिने होतात. गुडघेदुखी असलेली मंडळी बरोबर असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

कॅथीड्रल की राजवाडा?

वैभव बघायचं असेल तर दोन दावेदार आहेत: सेंट जॉन्स को-कॅथीड्रल आणि ग्रँडमास्टर्स पॅलेस. माझं मत सरळ आहे. एकच तिकीट काढणार असाल तर कॅथीड्रलचं काढा.

बाहेरून ही इमारत कोरडी वाटते. कासार मुळात किल्ले बांधणारा माणूस, त्याने १५७०च्या दशकात दर्शनी भिंतही त्याच हाताने बांधली. आत पाऊल टाकलं की मात्र कुठे बघावं ते सुचत नाही. चित्रकार मात्तिया प्रेतीने १६६१ ते १६६६ या काळात सगळं कमानी छत संत जॉनच्या चरित्राने रंगवून काढलं. नाइट्सचे भाषेवार गट होते आणि प्रत्येक गटाची इथे स्वतंत्र उपासनाकक्षाची सोय. त्या कक्षांच्या सजावटीत शेजाऱ्यावर कुरघोडी करायची चढाओढ उघड दिसते. खाली बघाल तर जवळजवळ चारशे नाइट्सच्या समाध्या, रंगीत संगमरवराचे तुकडे जडवून केलेल्या: सांगाडे, कोयते, वाळूची घड्याळं, कुलचिन्हं. या फरशीसाठीच टोकदार टाचांच्या चपला-बुटांना आत मनाई आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो, आणि इथेच अनेकांचा बेत फसतो.

पण खरं कारण आहे बाजूच्या ओरेटरीत, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात. इटालियन चित्रकार कॅरावाज्जोचं 'संत जॉनचा शिरच्छेद' हे १६०८ चं चित्र तिथे, ज्या दालनासाठी ते काढलं त्याच दालनात आहे. रुंदी पाच मीटरहून जास्त. त्याचं सर्वांत मोठं चित्र. गंमत म्हणजे अर्ध्याहून अधिक पट नुसत्या तुरुंगाच्या भिंतीने व्यापलाय आणि सगळी माणसं डावीकडे गोळा झालीत. मारेकऱ्याकडे नीट बघा. तलवारीचा वार झालाय, पण मान पुरती तुटलेली नाही. म्हणून तो एका हाताने केस धरून दुसरा हात पाठीमागे कमरेच्या सुरीकडे नेतोय. शेजारी अधिकारी बोटाने ताट दाखवतो, इथे ठेव म्हणून. म्हातारीने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलंय. उजवीकडे गजांमागून दोन कैदी माना वाकड्या करून बघताहेत. आणि जमिनीवरच्या रक्ताच्या ओघळातच चित्रकाराने स्वतःचं नाव लिहिलंय. त्याने सही केलेलं हे एकमेव ज्ञात चित्र. त्याच वर्षी कॅरावाज्जोला नाइट करण्यात आलं, मग मारामारीच्या प्रकरणात कैद झाली, तो पळाला, आणि डिसेंबरमध्ये ह्याच ओरेटरीत, त्याच्या गैरहजेरीत, त्याला संघातून काढून टाकण्यात आलं. त्याचं दुसरं चित्र, लिहीत बसलेला संत जेरोम, इथेच आहे. ते १९८४ मध्ये चोरीला गेलं होतं आणि काही वर्षांनी परत मिळालं. ऑडिओ गाइड तिकिटातच मिळतो. तो छान आहे, पण ओरेटरीत कानातून काढा आणि नुसते बघत उभे राहा.

राजवाडा वाईट नाही. डागडुजीनंतर तो २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतली माहिती धरून चालू नका. सभागृहाच्या भिंतींवर मातेओ पेरेझ दालेच्चोने १५६५ च्या वेढ्याचे प्रसंग क्रमाने रंगवलेत. वेढ्याची गोष्ट समजून घ्यायची तर कुठल्याही पुस्तकापेक्षा ही भिंत सोपी. फ्रान्समधल्या गोब्लँ कारखान्यातून विणून आणलेले, हत्ती, झेब्रे आणि शहामृगांनी गच्च भरलेले पडदे आहेत. शस्त्रागारात ५ हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि ग्रँडमास्टर विन्याकूरचं सोन्याच्या नक्षीचं चिलखत खरोखर देखणं आहे. तलवारी-चिलखतांचं वेड असलेला मुलगा किंवा मुलगी बरोबर असेल तर माझा सल्ला उलटा करा आणि बेधडक राजवाडा घ्या. बाकीच्यांना तिसऱ्या भाल्यानंतर चौथा वेगळा वाटणार नाही. राष्ट्रपतींचं कार्यालयही इथेच आहे, त्यामुळे सरकारी समारंभाच्या दिवशी काही दालनं बंद असू शकतात.

किल्ला की भुयार?

माल्टाने दोन वेढे पाहिले. एक १५६५ चा, दुसरा दुसऱ्या महायुद्धात आकाशातून पडलेला. फोर्ट सेंट एल्मो दोन्ही सांगतो. पहिल्या वेढ्यात जवळपास महिनाभर झुंजून २३ जून १५६५ रोजी हा किल्ला पडला; पण त्या महिन्यानेच बाकीच्या बेटाला वेळ मिळवून दिला. आत राष्ट्रीय युद्ध संग्रहालय आहे. १९४२ मध्ये राजा सहाव्या जॉर्जने अख्ख्या बेटाला दिलेलं जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक इथे ठेवलंय, आणि 'फेथ' नावाने ओळखलं जाणारं ग्लॉस्टर ग्लॅडिएटर विमानही. दुपंखी, जुनाट, बघून वाटतं की हे घेऊन कोण लढलं असेल!

लास्कारिस वॉर रूम्स म्हणजे शहराच्या पोटात खोदलेलं ब्रिटिश युद्ध मुख्यालय. इथेच टेबलावरच्या नकाशावर विमानांच्या खुणा सरकवत बचावाची लढाई चालायची, आणि १९४३ मध्ये सिसिलीवरच्या स्वारीची सूत्रंही इथूनच हलली. दालनं कमी, वस्तू कमी, पण माहीतगार वाटाड्या मिळाला तर हे ठिकाण सेंट एल्मोपेक्षा जास्त लक्षात राहतं.

निवड उन्हावर सोडा. सेंट एल्मोच्या तटावर सावलीचं नाव नाही. जुलै-ऑगस्टच्या दुपारी तिथे जाणं म्हणजे स्वतःहून वेढ्यात सापडणं. उन्हाळ्यात लास्कारिस, बाकी ऋतूंत सेंट एल्मो. किल्ले चढून वाढलेल्या, बुरुजाची बांधणी आणि खंदकाची खोली निरखणाऱ्या माणसाला मात्र ऋतू विचारायची गरज नाही, तो सेंट एल्मोलाच जाणार.

वरची बाग की खालची?

दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे भांडण नाही. अप्पर बराकातून ग्रँड हार्बरचा तो प्रसिद्ध देखावा दिसतो आणि खालच्या सॅल्यूटिंग बॅटरीवरून, म्हणजे सलामीच्या तोफांच्या तटावरून, दुपारी १२ आणि ४ वाजता तोफ डागतात. गर्दी १२ ला लोटते. मी ४ ची सुचवेन: माणसं कमी असतात आणि ऊन पाठीशी असल्याने समोरच्या बिर्गू, सेंग्लीया, बोर्मला या तीन शहरांचा मधाच्या रंगाचा दगड उजळतो. दुपारआधी तेच ऊन डोळ्यांत येतं. तोफ कठड्यावरून फुकट दिसते. बॅटरीत उतरायचं तिकीट मुलं बरोबर असतील तरच काढा. लोअर बराका शांत आहे, डबा उघडून बसायला उत्तम.

संग्रहालय की हायपोजियम?

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला लोक उगाच दुय्यम समजतात. तिकीट कॅथीड्रलच्या मानाने बरंच स्वस्त, तासाभरात बघून होतं, आणि आतल्या वस्तू इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुन्या मंदिरांमधल्या. 'स्लीपिंग लेडी' ही मातीची मूर्ती जेमतेम १२ सेंटीमीटरची. स्थूल बाई कुशीवर, एक हात डोक्याखाली घेऊन निवांत झोपलीय; खाटेची विणसुद्धा घडवणाऱ्याने सोडलेली नाही. तारशीनच्या देवळातले मूळ कोरीव दगडही इथे आहेत, कारण उघड्यावर ते झिजत होते.

ती मूर्ती सापडली हाल साफ्लिएनीच्या हायपोजियममध्ये. जवळच्या पाओला गावाखाली, खडकात तीन मजले खोदलेलं हे दफनस्थान. तोडीचं दुसरं ठिकाण माल्टात नाही, यात शंका नाही. पण आतली हवा बिघडू नये म्हणून एका फेरीत फक्त १० जणांना सोडतात आणि तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. विमानाचं तिकीट काढलंत त्याच दिवशी हायपोजियमचं बघा. मिळालं तर व्हॅलेटातलं दुसरं काहीही कापा. नाही मिळालं तर संग्रहालय, आणि हळहळ नको.

उरलेल्यांपैकी १७३०च्या दशकात उघडलेलं मानोएल थिएटर दिवसा फिरून बघण्यापेक्षा संध्याकाळी कार्यक्रमाला जाऊन बघावं. कासा रोक्का पिक्कोला हा खासगी वाडा. घर कसं जगतं हे आवडणाऱ्यांसाठी. सिटी गेटजवळ वास्तुविशारद रेन्झो पियानोने उभारलेलं संसद भवन आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या ऑपेरा हाउसच्या अवशेषांतलं खुलं नाट्यगृह येता-जाता दिसतंच, वेगळा वेळ नको.

पैलतीर: बिर्गू की स्लीमा?

व्हॅलेटाच्या यादीत फेरी बोटीचं नाव सहसा खाली असतं. मी ते वर घेईन. दोन बाजूंना दोन बोटी. स्लीमाकडची बोट हॉटेलं आणि दुकानांकडे नेते. तिकडे जाण्यात अर्थ संध्याकाळी, पलीकडून कार्मेलाइट चर्चच्या घुमटासह व्हॅलेटाची उजळलेली कड बघण्यापुरता. ग्रँड हार्बर ओलांडणारी बोट बिर्गूला जवळ आणते. नाइट्सची व्हॅलेटाआधीची राजधानी हीच. गल्ल्या वाकड्यातिकड्या, कुंड्यांनी भरलेल्या, गर्दी निम्मी. टोकाला फोर्ट सेंट अँजेलो. ह्याच किल्ल्यात कॅरावाज्जोला डांबलं होतं आणि इथूनच तो निसटला. सकाळी ते चित्र बघून दुपारी हा तट बघितला की तो पळाला कसा असेल, हा विचार आपसूक येतो.

बोटीचा धक्का तटाच्या पायथ्याशी आहे. वर यायला २०१२ मध्ये सुरू झालेली ५८ मीटर उंचीची लिफ्ट थेट अप्पर बराकात सोडते. म्हणजे कॅथीड्रल दार उघडताक्षणी, मग संग्रहालय, जेवून बोटीने बिर्गू, आणि लिफ्टने वर येऊन ४ ची तोफ, हा क्रम सहज बसतो.

पासाबद्दल: हेरिटेज माल्टा या सरकारी वारसा संस्थेच्या एकत्रित पासात सेंट एल्मो, राजवाडा, पुरातत्त्व संग्रहालय आणि सेंट अँजेलो येतात, हायपोजियम, कॅथीड्रल आणि लास्कारिस येत नाहीत. एकाच दिवसासाठी तो परवडत नाही, चार-पाच दिवस बेटावर असाल तर हिशोब करून बघा. खायला पस्तिट्सी घ्या, म्हणजे सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री, रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची. कडक शाकाहारी असाल तर पारीत प्राण्याची चरबी आहे का, एवढं विचारून घ्या. इंग्रजी ही तिथली राजभाषाच आहे, विचारायला अडचण पडत नाही.