फाट्यावर लेन मागायची, तर कोणती?

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यात रस्त्यांची कामं निघाली आहेत. तुमची ग्रामपंचायत "फाट्यावर रस्ता रुंद करा" असा अर्ज देणार असेल, तर कोणती लेन हवी ते आधी ठरवा.

माझं मत उजवीकडे वळणाऱ्या लेनला. निफाडकडच्या कुठल्याही फाट्यावर संध्याकाळी उभे राहा. कांद्याची ट्रॉली वळायला ऐन रस्त्यात थांबलेली, ड्रायव्हरने हात बाहेर काढलेला, मागचा रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. मागची पिकअप ऐनवेळी साईडपट्टीवर उतरून धुरळा उडवत निसटते. एखादी नाही निसटत. ताशी ८० ने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. वेगळी लेन असली की ट्रॉली या धावत्या रांगेतून बाजूला होते.

अमेरिकेच्या फेडरल महामार्ग प्रशासनाच्या २००२ च्या अभ्यासात, सिग्नल नसलेल्या ग्रामीण तिठ्यांवर अशा लेनमुळे अपघात ४४ टक्क्यांनी घटले. चौफुलीवर एकाच बाजूला लेन दिली तर २८, दोन्ही बाजूंना दिली तर ४८. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून त्यांची 'डावी' लेन ती आपली उजवी. हे उलटं धरलं नाही, तर अर्ज भलत्याच लेनचा जायचा.

डावीकडे वळणाऱ्या लेनला जागा कमी लागते, भूसंपादनाची कटकटही कमी. पण त्याच अभ्यासात तिचा फायदा एका बाजूला १४, दोन्ही बाजूंना २६ टक्के. शिवाय त्या लेनमध्ये वेग कमी करणाऱ्या टेम्पोच्या आडून मागची भरधाव कार येते, ती गावातून निघालेल्या मोटारसायकलवाल्याला दिसतच नाही. ही लेन घ्यायचीच, तर मुख्य रस्त्यापासून थोडी लांब सरकवून मागा.

तिसरा पर्याय स्वस्तातला: तिठ्यासमोरची साईडपट्टी डांबरी करायची, म्हणजे सरळ जाणारा डावीकडून निघून जातो. चार महिन्यांत तिथे रसवंती आणि वडापावची गाडी लागते, हे तुम्हालाही माहीत आहे.

अर्जाला एकाच वाईट वर्षाचे अपघात जोडू नका. असं वर्ष गेलं की पुढच्या वर्षी आकडा बऱ्याचदा आपोआपच उतरतो आणि श्रेय लेनला मिळतं. पोलीस ठाण्यातून निदान तीन ते पाच वर्षांच्या नोंदी काढा, मागून धडक किती आणि वळताना किती ते वेगळं मोजा. मागून धडका जास्त निघाल्या, तर उजवी लेन. आणि तिची लांबी कारवर ठरवू देऊ नका. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उभा करून टेप लावा.