शरदात पुळणीवरून मासेमारी: तळाला आमिष लावावं की लुअर फेकावा?

वाळूच्या किनाऱ्यावरून मासे पकडायचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात जड शिसं आणि खरं आमिष लांब फेकायचं, रॉड तिवईवर टेकवायचा आणि मासा येण्याची वाट पाहायची. दुसऱ्यात हलका रॉड हातात धरून लुअर, म्हणजे भक्ष्यासारखं हलणारं नकली आमिष, फेकत, ओढत, किनाराभर माशाचा माग काढायचा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला दोन्ही संच एकदम घ्यायची गरज नाही. माझं मत आधीच सांगतो. किनारा उघडा असेल, लाटा गढूळ पाणी आणत असतील आणि वेळ अंधार पडल्यावरच मिळत असेल, तर आमिष निवडा. पाणी बऱ्यापैकी नितळ असेल, जवळ खडक किंवा खाडीचं मुख असेल आणि पहाटे जाणं जमत असेल, तर लुअर घ्या.

समशीतोष्ण किनाऱ्यांवर शरद हाच मुख्य हंगाम, कारण समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. हवेत गारवा आला तरी किनाऱ्यालगतचं पाणी अजून उबदार असतं. लहान मासे थव्याने हलू लागतात, मोठे त्यांच्या मागे काठापर्यंत येतात आणि हिवाळ्याआधी भरपूर खातात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने स्ट्राइप्ड बास आणि ब्लूफिश याच दिवसांत दक्षिणेकडे सरकतात. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर बास अजून काठाशी असतो, रात्री व्हायटिंग लागू लागतात आणि थंडी वाढली की कॉडची वाट पाहिली जाते. सप्टेंबरच्या विषुवदिनाजवळच्या अमावास्या-पौर्णिमेला वर्षातली मोठी उधाणं येतात, तीही कामाची: भरती वर चढून नवी वाळू धुते, ओहोटी नेहमी पाण्याखाली असणारा तळ उघडा करते.

पाण्याची स्थिती ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी कसोटी. वादळी वारा दोन दिवस किनाऱ्याकडे वाहून पडला की लाटांनी वाळू उपसलेली असते. तिच्यातले किडे, शिंपले, खेकडे मोकळे होतात आणि मासे ते टिपायला अगदी फेसापर्यंत येतात. त्या गढूळ पाण्यात माशाला लुअर दिसत नाही, पण वास येतो. समुद्री किडा, माकूल, बांगड्याची पट्टी किंवा कोळंबी अशा वेळी कितीतरी सरस. रात्रीही तसंच. माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली थरथर जाणवते, म्हणून अंधारात हळू ओढलेला काळा लुअर घेणारे मासे असतात, पण ते जमायला हात बसलेला लागतो. उलट, वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल, पाणी हिरवट-स्वच्छ असेल आणि पृष्ठभागावर लहान मासे उड्या मारताना किंवा पक्षी सूर मारताना दिसत असतील, तर तळाला आमिष टाकून बसण्यात वेळ जातो. शिकारी मासा तेव्हा वरच्या थरात, हलणाऱ्या भक्ष्यामागे असतो.

सामानात फरक बराच आहे. आमिषाचा रॉड १२ ते १३ फुटांचा, १०० ते १५० ग्रॅम शिसं झेपणारा. लुअरचा ९ ते १० फुटांचा, १५ ते ४५ ग्रॅमसाठी. पहिल्याला जाड तंगूस चालते, दुसऱ्याला बारीक ब्रेडेड लाइन (धागे विणून केलेली दोरी) आणि पुढे थोडी पारदर्शक तंगूस. जड शिसं फेकताना दोरीच्या टोकाला शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसणारा जाड दोरीचा तुकडा, हवाच. दर २८ ग्रॅम शिशामागे १० पौंड ताण सोसणारी दोरी हा जुना हिशेब आहे, म्हणजे १५० ग्रॅमला ५५-६० पौंडी लीडर. त्याची लांबी रॉडच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे फेकताना रीलवर त्याचे पाच-सहा वेढे राहतात. फेकीच्या झटक्यात दोरी तुटली तर शिसं गोळीसारखं सुटतं आणि किनाऱ्यावर माणसं असतात. यात काटकसर करू नका.

लांब फेकलं म्हणजे मासा मिळतो, हा समज दोन्ही पद्धतींना नडतो. ओहोटीला एकदा रिकाम्या हाताने किनारा चालून या. लाट जिथे आधी फुटून पांढरी होते तिथे वाळूचा उंचवटा असतो. त्याच्या आणि काठाच्या मध्ये गडद, शांत दिसणारा पट्टा म्हणजे खळगा. मासे त्या खळग्यातून काठाला समांतर फिरतात आणि तो बऱ्याचदा ३०-४० मीटरांच्या आतच असतो. लुअरवाल्याचा इथे फायदा होतो, कारण तो चालत दहा खळगे तपासू शकतो. आमिषवाल्याने योग्य खळगा आधी निवडला, तर भरती चढताना मासाच त्याच्याकडे येतो.

वाहून आलेलं समुद्री गवत दोघांनाही सतावतं. लुअरच्या तिहेरी गळांना ते प्रत्येक फेकीला अडकतं. आमिषाच्या दोरीवर चढलं की ते शिसं ओढून नेतं. तारांचे पाय असलेलं शिसं वाळूत रुतून थोडा आधार देतं. गवत फार असेल तर जागा बदला.

मासा परत सोडायचा असेल तर आणखी एक फरक पाहा. आमिष मासा गिळतो आणि गळ खोल जाऊ शकतो. लुअर बहुधा ओठाला लागतो. म्हणून आमिषाला सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, लावा. तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, मात्र झटका न देता दोरी हळूहळू ताणायची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बाससाठी आमिष वापरायचं तर २०२१ पासून तो सक्तीचा आहे. लुअरवर तिहेरी गळाऐवजी एकेरी लावला तर सुटका सोपी होते. मापाचे नियमही आधी बघा. ब्रिटनमध्ये ४२ सेंटीमीटरपेक्षा लहान बास ठेवता येत नाही.

अजूनही मन दोन्हीकडे ओढत असेल, तर स्वतःच्या किनाऱ्याकडे पाहून ठरवा. मैलोन् मैल नुसती वाळू असेल तर आमिषाचा संच आधी घ्या. त्यावर लेप, व्हायटिंग, बास असे अनेक प्रकारचे मासे लागतात. लुअरचा संच पुढच्या शरदात जोडता येईल. पण किनाऱ्याला खडक, धक्का किंवा खाडी लागून असेल आणि एका जागी बसवत नसेल, तर लुअरच घ्या. तो संच पाठीवरच्या एका पिशवीत मावतो, आमिष ताजं ठेवायची चिंता नसते आणि कामावर जाण्याआधी तासभर मिळाला तरी फेरी होते.